हॉपर तुंबला की घण उचलण्याआधी

जुन्या हॉपरचा, म्हणजे माल साठवून खालच्या तोंडातून सोडणाऱ्या टाकीचा, खालचा निमुळता भाग जवळून पाहिला तर तोंडाच्या थोड्या वर पत्र्याला पोचेच पोचे पडलेले दिसतात. माल उतरायचा थांबला की घण घालायचा, ही वर्षानुवर्षांची सवय तिथे उमटलेली असते. पण बाहेरून पडलेला प्रत्येक पोचा आतून उंचवटा होतो. त्यावर माल टेकतो आणि पुढच्या खेपेला हॉपर आणखी लवकर तुंबतो. घणाने माल सुटतो हे खरे, पण रोज घण लागत असेल तर तो हॉपर त्या मालासाठी बेतलेलाच नाही.

दाणेदार माल किंवा पावडर ओतता येते, म्हणून ती पाण्यासारखी वागेल असे वाटते. ती तशी वागत नाही. पाणी आपले सगळे वजन तळावर टाकते, माल मात्र बरेचसे वजन घर्षणाने भिंतींवर टेकवतो. जर्मन अभियंता यान्सेन यांनी १८९५ मध्ये धान्याच्या कोठ्यांबाबत हे गणितात मांडले. ३ मीटर व्यासाचा, १५ मीटर उंच सायलो, म्हणजे उभी गोल कोठी, घ्या. माल घनमीटरला ८०० किलो. हा माल द्रव असता तर तळावरचा दाब सुमारे ११८ किलोपास्कल झाला असता. भिंतीशी घर्षणाचा गुणांक ०.४ आणि उभ्या दाबातला आडवा होणारा वाटाही ०.४ धरला, तर प्रत्यक्ष दाब ३५ च्या आसपास येतो. वर आणखी माल ओतला तरी तो फारसा वाढत नाही.

त्यामुळे ‘वरून माल वाढवला की खालचा सुटेल’ ही आशा फोल ठरते. वाळूच्या घड्याळात वरची वाळू अर्ध्यावर आली तरी धार मंदावत नाही, त्याचेही कारण हेच. मोकळ्या वाहणाऱ्या दाण्यांचा वेग तोंडाच्या रुंदीवर ठरतो, तोही साधारण अडीचाव्या घाताने. तोंडाचा व्यास दुप्पट केला तर माल साडेपाच पटींहून अधिक वेगाने पडतो. बेव्हरलू आणि सहकाऱ्यांचे १९६१ चे सूत्र हेच सांगते. दाण्यांचा आकार तोंडाच्या मानाने मोठा असेल, तर तोंडाचा थोडा भाग वाया गेला असे धरून तो व्यासातून वजा करतात.

आता तुंबण्याकडे. हॉपर दोन तऱ्हेने तुंबतो, आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिली तऱ्हा कमानीची. तोंडावर माल दगडी पुलासारखी कमान धरतो, खाली पोकळी आणि वर टनावारी माल. ढेकळे मोठी असतील तर ती एकमेकांत अडकूनच कमान होते. त्यासाठीचा नियम सोपा आहे: गोल तोंडाचा व्यास सर्वांत मोठ्या ढेकळाच्या सहा ते आठ पट, आणि लांबट तोंड असेल तर रुंदी तीन ते चार पट. ५० मिलिमीटरच्या ढेकळांना ३०० ते ४०० मिलिमीटरचे गोल तोंड लागते. बारीक मालाची कमान चिकटपणामुळे होते. मूठभर ओली वाळू दाबली की मूठ उघडल्यावरही गोळा तसाच राहतो. त्या गोळ्याला मोडायला जितका दाब लागतो ती त्या मालाची ताकद. ही ताकद एकच आकडा नसते. जितके जास्त दाबाल तितकी ती वाढते, आणि माल पुष्कळ वेळ नुसता पडून राहिला तरी वाढते.

तोंडाजवळच्या दाबाखाली एखाद्या पावडरीची ताकद १.५ किलोपास्कल भरली आणि घनता ८०० असेल, तर हिशेब असा: ताकद भागिले घनता आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार, त्याला गोल तोंडासाठी साधारण २.२ ने गुणायचे. उत्तर सुमारे ०.४२ मीटर. त्याहून लहान तोंडावर कमान टिकू शकते. लांबट फटीसाठी गुणक जवळपास निम्मा, म्हणून २१० मिलिमीटर रुंदी पुरते. मात्र फटीची लांबी रुंदीच्या निदान तिप्पट हवी, नाहीतर टोकाच्या भिंती कमानीला आधार देतात.

दुसरी तऱ्हा बिळाची. तोंडाच्या बरोबर वरचा माल उतरतो, कडेचा जागचा हलत नाही. सायलोच्या मधोमध उभे बीळ पडते, आणि ते रिकामे झाले की धार बंद. सायलो निम्म्याहून अधिक भरलेला आणि खाली काही येत नाही, असा प्रसंग बहुतेक वेळा बिळाचाच असतो. कडेचा माल महिनोन्‌महिने तिथेच राहून घट्ट होतो, खाण्याचा पदार्थ असेल तर खराब होतो. शिवाय भरताना बारीक कण मधोमध साचतात, जाड दाणे घरंगळत भिंतीकडे जातात. मधला भाग आधी निघाला की आधी भुगा आणि शेवटी जाड माल, अशी उलटसुलट खेप हाती येते.

यावरचा मूलभूत उपाय म्हणजे सगळा माल एकदम खाली सरकेल असा हॉपर. याला कारखान्यात मास फ्लो म्हणतात. यात आधी आलेला आधी बाहेर पडतो, बीळ पडत नाही, आणि वेगळे झालेले जाड-बारीक कण तोंडाशी पुन्हा मिसळतात. असा हॉपर अंदाजाने न बेतता मोजून कसा बेतायचा, हे अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात अँड्र्यू जेनिके यांनी दाखवले. १९६४ चे त्यांचे बुलेटिन क्रमांक १२३ आजही या विषयाचा पाया आहे.

इथे एक चूक वारंवार होते. माल जमिनीवर ओतायचा, ढिगाचा उतार मोजायचा आणि हॉपरला त्याहून थोडा जास्त उतार द्यायचा. ढिगातला माल सैल असतो. हॉपरमधला दाबलेला असतो आणि मालावर नव्हे, पत्र्यावर घसरायचा असतो. म्हणून मोजायचे ते भिंतीचे घर्षण: ज्या पत्र्याचा हॉपर होणार त्याचाच तुकडा, त्यावर तोच माल, आणि बदलत्या वजनाखाली तो सरकवायला लागणारे बळ. या घर्षणाचा कोन २०° निघाला तर शंकूची भिंत उभ्या रेषेपासून साधारण २० ते २५° कललेली चालते. ३०° निघाला तर १०° च्या आसपास, म्हणजे जवळजवळ उभीच भिंत लागते आणि उंची परवडेनाशी होते. अशा वेळी उतार वाढवण्यापेक्षा गुळगुळीत स्टेनलेस पत्रा किंवा घसरड्या प्लॅस्टिकचे लायनर, म्हणजे आतले अस्तर, स्वस्त पडते. लांबट फटीचा पाचरीसारखा हॉपर शंकूपेक्षा १० ते १२° अधिक आडवा चालतो, तीही एक सवलत.

चौकोनी हॉपर बनवायला सोपा, म्हणून सर्रास दिसतो. पण दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्याची घळ भिंतींपेक्षा नेहमी कमी उताराची असते. चारही भिंती जमिनीशी ६०° असतील तर घळ जेमतेम ५१° भरते. घळीला ६०° हवे असतील तर भिंती ६८° कराव्या लागतात. माल धरतो तो कोपऱ्यातच, आणि नकाशावर मात्र ६० लिहिलेले असते.

सगळे नीट बेतूनही फीडर, म्हणजे तोंडाखालून ठरल्या वेगाने माल ओढणारे यंत्र, घात करतो. सारख्या अंतराच्या आट्यांचा स्क्रू फीडर लांब फटीखाली बसवला, तर पहिला आटाच भरून जातो आणि पुढच्यांना जागा उरत नाही. सगळा माल फटीच्या मागच्या टोकातून निघतो, बाकीची फट झाकल्यासारखीच. म्हणून आट्यांमधले अंतर अर्ध्या व्यासापासून पूर्ण व्यासापर्यंत पुढे पुढे वाढत जायला हवे, किंवा मधला दांडा पुढे निमुळता हवा. रोटरी व्हॉल्व्ह, म्हणजे फिरत्या कप्प्यांचा फीडर, एका बाजूनेच माल ओढतो, म्हणून त्याच्या वर व्यासाच्या दीड ते दोन पट उंचीचा सरळ नळकांड्याचा तुकडा बसवतात. आणि सरकते गेट अर्धे उघडून धार कमी करू नये. अर्धे गेट म्हणजे आत आलेली फळी, तिच्यावरचा माल थांबतो आणि त्यासोबत मास फ्लोही. गेट पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद, वेग फीडरने ठरवायचा. जोडावरच्या फ्लॅंजचे, म्हणजे बोल्टने जोडायच्या कडेचे, खालचे भोक वरच्यापेक्षा किंचित मोठे ठेवावे. आत डोकावणारे गॅस्केट किंवा वेल्डची कडही पुरेशी अडचण करते. लायनरचे तुकडे छपराच्या कौलांसारखे लावायचे, वरचा खालच्यावर.

अगदी बारीक पावडरीची तऱ्हा उलटी. ती कधी हवेच्या अडथळ्याने कूर्मगतीने उतरते, कारण खाली सैल होताना तिला हवा लागते आणि ती हवा तोंडातूनच वर शिरते. कधी बिळात कडेचा माल ढासळला की हवेने फुगून पाण्यासारखी फीडरमधून उसळून बाहेर येते. अशा पावडरीला तोंडाजवळच्या जाळीदार पॅडमधून थोडी, कोरडी, कमी दाबाची हवा देणे उपयोगी पडते. हवा ओली असेल तर पॅडवरच पोळी जमते.

व्हायब्रेटर तोंड उघडे आणि फीडर चालू असतानाच सुरू हवा, तसा इंटरलॉकच, म्हणजे एरवी तो सुरूच होऊ न देणारी विजेची सोय, लावावा. तोंड बंद असताना हलवणे म्हणजे डब्यात पीठ ठोकून बसवणे. एअर कॅननमध्ये ५ ते ७ बार दाबाची हवा एका झटक्यात सोडतात. तिचे नोझल जिथे कमान धरते तिथेच आणि भिंतीलगत खाली रोखलेले असावे, उगाच वर मधोमध नको. कमानीवर उभे राहून किंवा खाली वाकून सळईने टोचणे मात्र कधीच नाही. कमान मोडली की वरचा माणूस काही सेकंदांत गाडला जातो.

काहीही बदलण्याआधी हॉपर कधी तुंबतो याची वही ठेवा. धार सुरू होताच बंद होत असेल तर कमान. थोडा वेळ भरपूर येऊन मग बंद होत असेल आणि वरची पातळी कडेने तशीच दिसत असेल तर बीळ. फक्त दमट दिवसांत तुंबत असेल तर चाचणीचा नमुना त्याच ओलाव्याचा घ्यायला हवा, कोरड्या नमुन्याचे आकडे फसवतात. युरियासारखा माल ३०° सेल्सियसला सुमारे ७३ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतले पाणी ओढू लागतो. फक्त सुट्टीनंतरच्या सकाळीच तुंबत असेल तर दोष पडून राहण्याच्या काळाचा आहे. मग चाचणीतही नमुना तितकेच तास दाबाखाली ठेवायचा. तोवर सुट्टीआधी हॉपर रिकामा करणे, किंवा दर काही तासांनी थोडा माल खालून काढून परत वर टाकणे, एवढ्यानेही काम भागते.