चेहऱ्याची नस आणि रात्रीचा श्वास : एका दुर्लक्षित तक्रारीची पार्श्वभूमी

मेंदूच्या तळाशी श्रवणनसेवर वाढलेली गाठ काढताना, कानापुढच्या पॅरोटिड लाळग्रंथीवर शस्त्रक्रिया करताना किंवा मध्यकर्णातील सडलेले हाड साफ करताना चेहऱ्याच्या नसेला इजा झाली, की चेहऱ्याची ती बाजू लुळी पडते. मग सर्वांचे लक्ष आधी डोळ्याकडे जाते, कारण न मिटणारा डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होऊ शकते. त्यानंतर तोंडाकडे, कारण घास गालात साचतो आणि पाणी ओठांच्या कोपऱ्यातून ओघळते. रात्री आडवे झाल्यावर एका नाकपुडीतून हवाच आत येत नाही, तोंड उघडे पडते, घशाला कोरड पडून पुन्हा पुन्हा जाग येते, ही तक्रार मात्र रुग्णालाच पुढे होऊन सांगावी लागते, आणि सांगितली तरी ती सर्दीच्या नाहीतर मनाच्या काळजीच्या खात्यात टाकली जाते. हे दुर्लक्ष फार खटकणारे आहे, कारण या नसेचा आधुनिक अभ्यास सुरू झाला तोच मुळी श्वासाच्या निरीक्षणातून.

स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल यांनी १८२१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे नसांविषयीचा एक निबंध मांडला. त्यातला एक प्रयोग गाढवावर केलेला होता. गाढवाला आडवे पाडून त्याच्या नाकपुड्या काही क्षण दाबून धरल्या, म्हणजे ते धापा टाकू लागेल आणि प्रत्येक श्वासागणिक नाकपुड्या जोराने फुलवील. आणि मग चेहऱ्याच्या एका बाजूची नस कापली. त्याच क्षणी त्या बाजूची नाकपुडी निश्चल झाली, दुसरी मात्र छातीच्या हालचालीबरोबर फुलत आणि मिटत राहिली. या नसेचा श्वासाशी थेट संबंध आहे, असे बेल यांनी त्यावरून ठरवले आणि तिला चेहऱ्याची श्वसन-नस म्हटले. गाढव आणि घोडा हे प्राणी नाकानेच श्वास घेतात, त्यामुळे त्यांच्यात हा परिणाम विशेष ठळकपणे दिसतो. माणसाला तोंडाची पळवाट असल्याने तो झाकला जातो.

बेल यांनी पुढे जाऊन श्वासाशी निगडित अशा नसांची एक स्वतंत्र व्यवस्थाच कल्पिली, आणि ती काही टिकली नाही. इंग्लंडमध्ये हर्बर्ट मेयो आणि फ्रान्समध्ये फ्रान्स्वा मॅजेंडी यांच्या प्रयोगांतून मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी पाचवी नस चेहऱ्याची संवेदना वाहून नेते आणि सातवी, म्हणजे हीच चेहऱ्याची नस, हालचाल घडवते, ही आज सर्वमान्य असलेली विभागणी पुढे आली. सिद्धान्त मागे पडला तो रास्तच होता, पण त्याच्याबरोबर नाकपुडीचे ते अचूक निरीक्षणही अडगळीत गेले. चेहऱ्याची नस म्हणजे हावभावांची नस ही समजूत पक्की झाली, आणि पुढची दीडशे वर्षे तिच्या दुखापतीचे मोजमाप हसू आणि पापणी यांच्यावरूनच होत राहिले, असे माझे मत आहे.

नाकपुडी उघडी राहण्यामागची यंत्रणा मात्र दरम्यान तुकड्यातुकड्यांनी उलगडत गेली. नाकाच्या पुढच्या भागातील सर्वांत अरुंद जागा ही झडपेसारखे काम करते, हे डच वैद्य मिंक यांनी १९०३ साली मांडले. श्वसनमार्गात हवेला जो एकूण अडथळा होतो त्याचा सुमारे निम्मा वाटा एकट्या नाकाचा असतो, आणि नाकातला बराचसा अडथळा या झडपेपाशीच होतो. श्वास आत ओढताना तेथील दाब कमी होतो आणि नाकपुडीची बाहेरची भिंत आत खेचली जाते. तिला तग धरायला लावतात ती कूर्चा आणि नाकपुडी फुलवणारे छोटे स्नायू. हे स्नायू प्रत्येक श्वासाच्या वेळी छातीखालच्या पडद्याच्या किंचित आधी आवळतात, म्हणजे हवा येण्यापूर्वीच दार उघडून ठेवतात. नस निकामी झाली की हे काम बंद पडते. शिवाय ताकद गेलेल्या गालाचे वजन नाकपुडीच्या मुळाला खाली ओढते आणि ते मूळ मध्यरेषेकडे सरकते, त्यामुळे छिद्र मुळातच अरुंद होते. ज्यांच्या नाकाचा मधला पडदा आधीपासून वाकडा आहे किंवा वयामुळे ज्यांची कूर्चा आणि त्वचा सैल झाली आहे, त्यांना याचा फटका जास्त बसतो. ही अडचण झडपेपाशीच आहे की नाही, हे ओळखण्याची एक साधी चाचणी आहे, आणि ती अमेरिकन नाकतज्ज्ञ मॉरिस कॉटल यांच्या नावाने ओळखली जाते : नाकाशेजारच्या गालावर बोट ठेवून तो हलकेच बाहेर ओढायचा आणि नाकाने श्वास घेऊन पाहायचा. लुळ्या बाजूने हवा एकदम मोकळी आत आली, तर दोष बव्हंशी नाकपुडीच्या भिंतीत आहे, सर्दीत नाही.

मग हा त्रास रात्रीच का वाढतो? याचे एक उत्तर १८९५ सालापासून उपलब्ध आहे. जर्मन वैद्य रिचर्ड कायझर यांनी त्या वर्षी नाकाच्या आवर्तनाचे वर्णन केले : नाकातील आतल्या आवरणाची सूज काही तासांच्या अंतराने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जात असते. निरोगी माणसाला हे जाणवतही नाही, कारण एक बाजू सुजून आखडली तरी दुसरी तिचा भार उचलते. चेहऱ्याचा पक्षाघात झालेल्या माणसाच्या बाबतीत मात्र निरोगी बाजूची पाळी आखडण्याची आली, की सगळा भार त्या नाकपुडीवर पडतो जी जोराने श्वास ओढताच मिटते. कुशीवर झोपल्याने यात भर पडते, कारण खालच्या बाजूची नाकपुडी सहसा अधिक सुजते. निरोगी कुशीवर झोपावे तर चांगली नाकपुडी बंद होते. लुळ्या कुशीवर झोपावे तर उशीच्या दाबाने ढिला गाल नाकावर सरकू शकतो. डोक्याकडचा भाग उंच ठेवून झोपल्याने सूज कमी होते, आणि म्हणून पलंगाची डोक्याकडची बाजू किंवा पाठीपासून वरचा सगळा भाग उचलून धरणारी आधाराची उशी हा अगदी पहिला उपाय ठरतो. नुसत्या डोक्याखाली उशांची चळत लावली तर मान पुढे वाकते आणि घसा उलट अरुंद होतो.

नाक अडले की तोंड उघडते, आणि येथे त्याच नसेची दुसरी उणीव पुढे येते. जबडा वर धरणारे स्नायू पाचव्या नसेचे असल्याने ते शाबूत असतात, पण ओठ आवळणारा स्नायू सातव्या नसेचा असतो. त्यामुळे झोपेत लुळ्या बाजूचा ओठ सुटतो, लाळ गळते, तोंड सुकते, आणि तोंड अधिक उघडून जबडा खाली गेला तर जिभेचे मूळ मागे सरकून घोरणे सुरू होते. तोंडावर पट्टी चिकटवून झोपण्याची जी पद्धत अलीकडे प्रचारात आली आहे, ती या रुग्णांनी स्वतःच्या मनाने मुळीच अवलंबू नये. एक नाकपुडी मिटणारी आणि दुसरी आवर्तनाने आखडणारी असताना तोंड हीच त्यांची राखीव वाट असते.

शस्त्रक्रियांच्या इतिहासातही श्वासाचा विचार कडेकडेनेच आला. लंडनमध्ये चार्ल्स बॅलन्स यांनी १८९५ साली निकामी झालेली चेहऱ्याची नस खांद्याकडे जाणाऱ्या अकराव्या नसेला जोडली. बर्लिनमध्ये वेर्नर कोर्टे यांनी १९०१ साली त्यासाठी जिभेची बारावी नस वापरली, आणि पुढची कित्येक दशके हीच जोडणी प्रचलित राहिली. चेहऱ्याला त्यामुळे ताण परत मिळे, पण त्या बाजूची अर्धी जीभ वाळून जाई. जीभ पुढे धरून घसा उघडा ठेवणारा मुख्य स्नायू याच बाराव्या नसेवर चालतो, हे ध्यानात घेतले तर झोपेतल्या श्वासाच्या दृष्टीने हा सौदा किती महाग असू शकतो हे उमगते. मार्क मे यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत बारावी नस पूर्ण न कापता तिचा काही भागच मध्ये जोडलेल्या नसेच्या तुकड्यामार्फत, म्हणजे कलमामार्फत, चेहऱ्याकडे वळवला जातो; जिभेची ताकद त्यामुळे बरीच टिकते.

मूळ इजा टाळण्याचे प्रयत्न समांतरपणे चालू होते. अमेरिकन मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी श्रवणनसेच्या गाठींवरील आपला ग्रंथ १९१७ साली प्रसिद्ध केला. गाठ आतून पोखरून काढण्यावर त्यांचा भर होता. वॉल्टर डँडी यांनी गाठ समूळ काढण्याचा मार्ग धरला, आणि त्यात चेहऱ्याची नस सहसा गमवावी लागे. विल्यम हाउस यांनी १९६० च्या दशकात शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आणल्यावर ती वाचवणे शक्य होऊ लागले, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून शस्त्रक्रिया चालू असतानाच विजेच्या सूक्ष्म झटक्याने नसेचा मागोवा घेण्याची सोय आली. तरीही अखंड वाचलेली नस ताणली गेल्यामुळे महिनोन्‌महिने निपचित राहू शकते. तुटलेले तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने वाढतात, त्यामुळे वाट पाहण्याचा काळ लांबतो आणि त्या काळातल्या सगळ्या रात्री रुग्णाला काढाव्याच लागतात. पक्षाघाताची तीव्रता ठरवण्यासाठी १९८५ पासून वापरात असलेल्या हाउस-ब्रॅकमन श्रेणीत कपाळ, डोळा आणि तोंड यांची नोंद होते. नाकातून हवा किती जाते याला तिच्या सहा पायऱ्यांपैकी एकीतही जागा नाही. जे मोजलेच जात नाही त्यावर उपचार उशिरा होतात, हे येथे पुरते खरे ठरले आहे.

झोपेतला श्वास हा वैद्यकाचा स्वतंत्र विषय झाला तो फार उशिरा. झोपेत श्वास थांबण्याच्या घटनांची यंत्राने घेतलेली नोंद १९६५ साली फ्रान्स आणि जर्मनीतील गटांनी प्रसिद्ध केली, आणि क्रिस्तियाँ गिलमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली स्लीप ॲप्निया हा विकार म्हणून मांडला. सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली नाकावाटे सतत दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवण्याची पद्धत, म्हणजे आजचे सीपॅप, जाहीर केली. सुरुवातीचे मुखवटे तर दर रात्री सिलिकॉनने चेहऱ्याला चिकटवावे लागत. लुळ्या चेहऱ्यावर हे यंत्र लावताना दोन अडचणी येतात. हवा सुटलेल्या ओठातून बाहेर पळते आणि दाब टिकत नाही. आणि मास्कच्या वरच्या कडेतून गळणारी हवा अर्धवट उघड्या डोळ्यावर रात्रभर मारा करते. म्हणून आधी डोळ्यात मलम घालून पापणी नीट बंद करायची किंवा ओलावा राखणारे आवरण लावायचे आणि मगच मास्क चढवायचा, हा क्रम पाळावा. नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क आणि हवेला ऊब व ओलावा देणारी जोडणी यांचा उपयोग होतो. अर्थात झोपेची तपासणी करून श्वास खरोखर थांबतो असे दिसले तरच हे यंत्र. निव्वळ नाकपुडी मिटण्यावर याहून सोपे उपाय आहेत.

त्यातला सर्वांत परिचित म्हणजे नाकावर आडवी लावायची स्प्रिंगची पट्टी. ती १९९० च्या दशकात अमेरिकेत बाजारात आली. ही पट्टी नाकाच्या मधल्या भागाची भिंत उचलते, पण पक्षाघातात बरेचदा त्याखालची नाकपुडीची पाकळीच मिटते. तेव्हा नाकपुडीत बसणारा मऊ शंकू किंवा गालावरची टेप अधिक कामी येते. टेप लावताना त्वचा कोरडी करून घ्यावी, एक टोक नाकपुडीच्या बाहेरच्या कडेलगत चिकटवावे, गाल बोटांनी वर आणि कानाच्या दिशेने उचलून धरावा आणि दुसरे टोक गालाच्या हाडावर बसवावे. खालची पापणी ओढली जाणार नाही इतपतच ताण द्यावा. नस परत येण्याची आशा मावळली असेल, तर नाकपुडीची भिंत टाक्याने डोळ्याखालच्या हाडाला टांगून धरण्याची शस्त्रक्रिया करता येते. रॅन्डल पॅनिएलो यांनी ती १९९६ साली वर्णिली. मांडीतील चिवट पडद्याची पट्टी घेऊन नाकपुडीचे मूळ बाहेर ओढून धरण्याचा मार्गही आहे. चेहऱ्याच्या पुनर्रचनेचा बेत आखतानाच, हसण्याच्या बरोबरीने, हा प्रश्न शल्यविशारदापुढे ठेवणे योग्य.

एक इशारा मात्र वेगळा द्यायला हवा. मेंदूच्या तळाशी सातव्या नसेपासून थोड्याच अंतरावर नववी आणि दहावी नसही असते, आणि मोठ्या गाठीच्या शस्त्रक्रियेत त्यांनाही धक्का लागू शकतो. आवाज बसला असेल, पाणी पिताना ठसका लागत असेल, किंवा श्वास आत घेताना घशातून घरघर अथवा शिटीसारखा आवाज येत असेल, तर त्रासाचे मूळ नाकपुडीत नसून स्वरयंत्रात असू शकते. अशा रुग्णाला नाकावरची पट्टी सुचवून घरी पाठवू नये. दुर्बिणीने स्वरतंतूंची हालचाल त्वरित तपासून घ्यावी, आणि श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता त्याला तातडीच्या विभागात न्यावे.