करडईच्या तेलाचा एक रेणू आणि ऑर्गॅनिकची दोन सत्रं

रब्बीत परभणी-लातूरकडे ज्वारीच्या रानात करडईचे पट्टे दिसतात. त्या करडईच्या तेलाचा एक रेणू कागदावर काढला, तर बीएस्सीच्या ऑर्गॅनिक केमिस्ट्रीची पहिली दोन्ही सत्रं त्यात सापडतात. मधे ग्लिसरॉलचा तीन कार्बनांचा कणा आणि त्याला एस्टर बंधांनी जोडलेल्या तीन लांब साखळ्या. यातल्या बहुतेक साखळ्या लिनोलेइक आम्लाच्या, म्हणजे १८ कार्बनांच्या असतात. प्रत्येकीत ९व्या आणि १२व्या कार्बनावर एकेक सिस द्विबंध असतो. द्विबंधाचं काय होतं ते पहिल्या सत्रात शिकायचं, एस्टरमधल्या कार्बोनिलचं, म्हणजे कार्बन-ऑक्सिजन द्विबंधाच्या गटाचं, काय होतं ते दुसऱ्या सत्रात. धड्यांची विभागणी विद्यापीठागणिक थोडी बदलते, क्रम मात्र साधारण हाच असतो.

यातलं अवघड कोणतं? पानं मोजली तर दुसरं. पण नव्या कल्पना मोजल्या तर पहिलं, आणि तेही बऱ्याच फरकानं. दुसऱ्या सत्रात ज्यांचा पेपर राहतो, त्यांचं बहुधा पहिल्यातलंच काहीतरी कच्चं राहिलेलं असतं.

बारावीपर्यंत ‘अभिक्रिया पूर्ण करा’ एवढ्यावर भागतं. लातूर पॅटर्नच्या शिस्तीत तयार झालेली मुलं चार पर्यायांतून बरोबर उत्तर झटक्यात उचलतात. तो सराव वाया जात नाही. पण इथे कागद कोरा असतो आणि इलेक्ट्रॉनची जोडी कुठून निघाली, कुठे गेली, हे बाण काढून दाखवायचं असतं. बाण इलेक्ट्रॉन असतात तिथूनच निघतो, म्हणजे एकाकी जोडीपासून किंवा बंधापासून. प्रोटॉनपासून निघालेला बाण उत्तरपत्रिकांत वारंवार दिसतो, आणि त्याच्या पाठोपाठ पाच बंधांचा कार्बनही येतो. प्रत्येक पायरीनंतर कार्बनाचे बंध आणि एकूण विद्युतभार मोजण्याची सवय लागली, तर या दोन्ही चुका जागच्या जागी सापडतात.

त्रिमिती रचना हा पहिल्या सत्रातला दुसरा अडसर. सपाट कागदावरून रेणू डोळ्यांसमोर उभा करणं सगळ्यांना लगेच जमत नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. कणकेचा छोटा गोळा घ्या, त्यात चार रंगांच्या खडूचे तुकडे चतुष्फलकासारखे खोचा, शेजारी त्याची आरशातली प्रतिमा तयार करा आणि एक दुसऱ्यावर बसतो का ते बघा. रेणू आणि त्याची प्रतिमा यांना वेगळी ओळख देणारी आर की एस ही खूण ठरवताना सर्वांत कमी अग्रक्रमाचा गट आपल्यापासून दूर हवा. तो आपल्याकडे तोंड करून असेल, तर जी दिशा येईल तिच्या उलट उत्तर लिहायचं. परीक्षेत गुण जातात ते बहुतेक हे उलटं करायचं विसरल्यामुळे.

तरी पहिल्या सत्राचा गाभा आहे तो निवाड्याचा. २-ब्रोमोप्रोपेन घ्या. त्यात सोडियम इथॉक्साइड टाकलं, तर मुख्यतः विलोपन होऊन, म्हणजे हायड्रोजन आणि ब्रोमीन निघून जाऊन, प्रोपीन मिळतं. सोडियम ॲसिटेट टाकलं, तर प्रतिस्थापन होऊन, म्हणजे ब्रोमीनच्या जागी ॲसिटेट बसून, आयसोप्रोपिल ॲसिटेट मिळतं. दोन्हींत ऋणभार ऑक्सिजनवरच आहे, मग फरक का पडावा? पीकेए हा आम्लाची ताकद सांगणारा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल जोरदार. इथेनॉलचा पीकेए सुमारे १६ आणि ॲसेटिक आम्लाचा ४.७६. म्हणजे आम्लतेत एकावर अकरा शून्यं एवढा फरक. इथॉक्साइड जबरदस्त आम्लारी आहे, ते हायड्रोजन ओढून घेतं. ॲसिटेटला तेवढी ताकद नाही, ते कार्बनावर जाऊन बसतं. एसएन-१, एसएन-२ (प्रतिस्थापनाच्या), ई-१, ई-२ (विलोपनाच्या) या चार वाटांतली कोणती, हे प्रत्येक वेळी रेणू, अभिकर्मक, द्रावक आणि तापमान पाहून ठरवावं लागतं. हे पाठ होत नाही.

दुसऱ्या सत्रात पुस्तक एकदम जाड वाटू लागतं. बेंझीनचं वलय, अमाईन, आम्लं आणि त्यांची साधितं, माणसांच्या नावांच्या अभिक्रियांची रांग. यादी करून घोकायला बसलं की महिनाभरात सगळं एकमेकांत मिसळतं. पण कार्बोनिलच्या बहुतेक अभिक्रियांच्या मुळाशी एकच हालचाल आहे. केंद्रकस्नेही, म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी देणारा, अभिकर्मक कार्बोनिलच्या कार्बनावर येतो आणि द्विबंधातले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनवर जातात. मग एकच प्रश्न विचारायचा. या कार्बनावर इलेक्ट्रॉन घेऊन सुटू शकेल असा गट आहे का? अल्डिहाइड आणि कीटोनवर तसा गट नसतो, म्हणून ग्रिन्यार अभिकर्मकाची (मॅग्नेशियमला जोडलेल्या कार्बन गटाची) भर पडून शेवटी अल्कोहोल मिळतं. एस्टरवर इथॉक्साइड सुटू शकतं, म्हणून कार्बोनिल परत तयार होतं. इथे बरेच जण कीटोन लिहून थांबतात. पण तो कीटोन मूळ एस्टरपेक्षा जास्त क्रियाशील असतो, त्यामुळे ग्रिन्यारचा दुसरा रेणू त्यावरही लागतो आणि तृतीयक अल्कोहोल मिळतं. म्हणूनच अभिकर्मक किमान दोन मोल लागतो.

पीकेएही इथे परत भेटतो. क्लायझेन संघननात, म्हणजे दोन एस्टर रेणू एकमेकांना जोडताना, इथिल एस्टरबरोबर सोडियम इथॉक्साइड वापरतात. कॉस्टिक सोडा टाकला तर एस्टरचंच जलविघटन होईल. आणि इथॉक्साइड चिमूटभर चालत नाही, पूर्ण मोल लागतं. तयार होणाऱ्या बीटा-कीटोएस्टरचा पीकेए ११च्या आसपास असतो. इथॉक्साइड त्याचा प्रोटॉन काढून घेतं, आणि त्या ओढीनंच समतोल पुढे सरकतो. पहिल्या सत्रात ज्यानं पीकेए नुसती आकड्यांची यादी म्हणून पाठ केला, त्याला हे वाक्य मंत्रासारखं पाठ करावं लागतं. ज्यानं समजून घेतला, त्याला ते वाचायचीही गरज पडत नाही.

तेलावरचे दोन प्रयोग केले की दोन्ही सत्रं हाताला कळतात. आयोडीन मूल्य द्विबंधांचं. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन घेतं, ते मोजायचं. करडईचं साधारण १४० येतं, खोबरेलाचं १०च्या आसपास. करडईचं तेल ०.२ ग्रॅम घ्यावं, त्यात ०.२ नॉर्मल विज द्रावण (आयोडीन मोनोक्लोराइडचं) २५ मिलि घालून बुचाचा फ्लास्क अर्धा तास अंधारात ठेवावा, नंतर पोटॅशियम आयोडाइड घालून ०.१ नॉर्मल थायोसल्फेटनं टायट्रेशन करावं. ब्लँकला, म्हणजे तेल न घातलेल्या फ्लास्कला, सुमारे ५० मिलि लागतं, तेलाला २८. खोबरेलाच्या अंदाजानं ०.५ ग्रॅम तोललं, तर ५५ मिलि इतका अभिकर्मक हवा आणि फ्लास्कमध्ये आहे ५०चा. सगळं आयोडीन संपतं, उत्तर कमी येतं आणि दोष थायोसल्फेटला दिला जातो. अंधार यासाठी की उजेडात मुक्त मूलकांची वाट उघडते आणि द्विबंधाशेजारच्या हायड्रोजनच्या जागी हॅलोजन बसू लागतो.

साबणीकरण मूल्य एस्टरचं. १ ग्रॅम तेलाला किती मिलिग्रॅम पोटॅश लागतं, ते मोजायचं. २ ग्रॅम तेल, २५ मिलि ०.५ नॉर्मल अल्कोहोलिक पोटॅश, आणि अर्धा ते एक तास रिफ्लक्स, म्हणजे वाफ कंडेन्सरनं थंड करून परत फ्लास्कमध्ये पाडत उकळणं. ०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल ब्लँकला सुमारे २५ मिलि लागतं, तेलाला ११.३. फरक १३.७, त्याला २८.०५नं गुणून २नं भागलं की १९२. ब्लँक त्याच बाटलीतल्या पोटॅशचा आणि तेवढाच वेळ रिफ्लक्स केलेला हवा, कारण हे द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं. शेजारच्या टेबलावरचं ब्लँकचं रीडिंग उतरवून घेतलं की दोन-तीन मिलिचा घोळ सहज होतो. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, तेव्हा कंडेन्सरसाठी बादलीत कूलरचा पंप ठेवून तेच पाणी फिरवावं. मात्र बादली कोमट झाली की अल्कोहोलची वाफ वरून निसटते, म्हणून मधून मधून माठातलं गार पाणी ओतावं लागतं. हे विघटन पूर्ण होतं त्याचंही कारण पीकेएमध्येच आहे. सुटलेलं आम्ल लगेच प्रोटॉन देऊन कार्बोक्झिलेट होतं आणि त्यावर अल्कोहोल परत हल्ला करू शकत नाही.

दोन सत्रांमधली सुट्टी चार-सहा आठवड्यांची असली तरी पुरते. पाणी १५.७, इथेनॉल १६, फिनॉल १०, ॲसेटिक आम्ल ४.७६, ॲसिटोन सुमारे २०, एस्टरचा अल्फा हायड्रोजन २५, टोकाचं अल्काइन २५, अमोनिया ३८, एवढे पीकेए जिभेवर हवेत. रोज दोन मेकॅनिझम पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर काढाव्यात. दुसरं सत्र सुरू झालं की अनेक पायऱ्यांच्या संश्लेषणाचे प्रश्न येतात. ते डावीकडून सोडवायला घेतले की माणूस तिसऱ्या पायरीला अडकतो. हव्या असलेल्या पदार्थापासून मागे यायचं आणि शेवटचा कार्बन-कार्बन बंध कुणी जोडला असेल हे आधी शोधायचं. अल्कोहोल दिसलं तर ग्रिन्यार आठवावा. कीटोनशेजारी द्विबंध दिसला तर अल्डॉल (दोन कार्बोनिल रेणू जोडणारी अभिक्रिया), आणि कार्बोनिलपासून मोजून बीटा, म्हणजे दुसऱ्या, कार्बनावर पेन्सिलीनं खूण करावी.