डिजियात्रा वेगळी, इमिग्रेशनचे ई-गेट वेगळे

डिजियात्रा, म्हणजे विमानतळावर कागद दाखवण्याऐवजी चेहरा दाखवून पुढे जाण्याची ॲपवरची सोय, आता बहुतेकांच्या अंगवळणी पडली आहे. मात्र परदेशातल्या मुलांकडे निघालेल्या आईवडिलांना 'डिजियात्रा करून ठेवा, म्हणजे इमिग्रेशनची (देशाबाहेर जाताना होणाऱ्या पासपोर्ट तपासणीची) रांग टळेल' असा सल्ला नातेवाईक आणि एजंटही सर्रास देतात. तो साफ चुकीचा आहे आणि त्याची झळ वयस्क माणसांना बसते.

ती रांग टाळणारी सोय म्हणजे केंद्रीय गृह मंत्रालयाचा 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम'. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे लोक) यांच्यासाठी तो जून 2024 मध्ये दिल्लीत सुरू झाला आणि जानेवारी 2025 मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आला.

दोन्हीकडे चेहरा तपासला जातो, एवढ्यावरून दोन्ही एकच असे लोक धरून चालतात. खरा फरक तपासणीनंतर काय घडते यात आहे. डिजियात्रेचा कॅमेरा एवढेच ठरवतो की समोरचा माणूस त्या बोर्डिंग पासाचा धनी आहे. ती चालवणारे डिजियात्रा फाउंडेशन ही विमानतळांच्या भागीदारीतली ना-नफा कंपनी आहे. कोणाला देशाबाहेर जाऊ द्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार तिला नाही. फास्ट ट्रॅकच्या ई-गेटवर, म्हणजे आपोआप उघडणाऱ्या फाटकावर, मात्र पासपोर्ट आणि बोर्डिंग पास स्कॅन होतात, बायोमेट्रिकची आधीच्या नोंदीशी पडताळणी होते, आणि फाटक उघडताच इमिग्रेशनची मंजुरी मिळाली असे मानले जाते. म्हणजे एरवी खिडकीतला अधिकारी जे काम करतो, तेच तिथे यंत्रामार्फत होते. म्हणूनच अर्जदाराची आधी छाननी होते आणि मंजुरीनंतर बोटांचे ठसे व छायाचित्र एफआरआरओ (परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे प्रादेशिक कार्यालय) इथे किंवा विमानतळावर प्रत्यक्ष जाऊन द्यावे लागतात. ॲपमध्ये सेल्फी काढून ते भागत नाही.

माहितीच्या बाबतीतही हाच भेद आहे. डिजियात्रेची माहिती उड्डाणानंतर 24 तासांत विमानतळाच्या यंत्रणेतून पुसली जाते, असे सरकारने सांगितले आहे, तर फास्ट ट्रॅकची नोंदणी 5 वर्षे किंवा पासपोर्टची मुदत, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत चालते. दोन्ही ऐच्छिक आहेत. तरी ठसे देणाऱ्याने ते कोणाकडे जात आहेत हे जाणूनच द्यावेत, असे माझे ठाम मत आहे.

अर्ज करताना पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. ती संपत आली असेल, तर आधी पासपोर्टचे नूतनीकरण करावे आणि मगच नोंदणी करावी.