फीडबॅकच्या वाटेत मुद्दाम पेरलेला वाकडेपणा

२ ऑगस्ट १९२७ ला बेल लॅब्ज या टेलिफोन संशोधनसंस्थेचा इंजिनिअर हॅरॉल्ड ब्लॅक कामावर जाताना हडसन नदीवरच्या फेरीबोटीत होता. (भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडणाऱ्यांना तो मोकळा वेळ ओळखीचा वाटेल.) लांब पल्ल्याच्या टेलिफोन लायनीवर एकामागे एक लावलेल्या अ‍ॅम्प्लिफायरांचं डिस्टॉर्शन (सिग्नलच्या आकारात येणारी विकृती) साठत जायचं. आउटपुटचा थोडा भाग उलटा करून इनपुटला परत दिला (हाच फीडबॅक), तर गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, घटतो आणि त्याच पटीत डिस्टॉर्शनही घटतं, हे त्याने हातातल्या वर्तमानपत्रावरच मांडलं. पेटंट मिळायला १९३७ उजाडलं.

परतीची वाट सरळ रेषेत वागणारी हवी, हे त्यात गृहीत होतं. मला खरी मोहिनी पडते ती हे गृहीतक मोडणाऱ्यांची. गेन भरपूर असेल तर परतीच्या वाटेवर जो घटक बसेल, त्याच्या नेमका उलट अ‍ॅम्प्लिफायर वागू लागतो. घातांकी वागणारा घटक ठेवा, आउटपुट लॉगरिदम देतं, म्हणजे इनपुटच्या दर दहापटीला एक सारखीच पायरी चढतं.

१९३९ मध्ये इंजिनिअर विल्यम ह्यूलेटने आपल्या ऑसिलेटरच्या (स्वतःच लाटा निर्माण करणाऱ्या सर्किटच्या) फीडबॅकमध्ये साधा छोटा दिवा घातला. सिग्नल वाढला की फिलामेंट तापते, तिचा रोध वाढतो, फीडबॅक वाढतो आणि गेन आपोआप उतरतो. फिलामेंट सावकाश तापते, त्यामुळे एकेका लाटेच्या आत तिचा रोध जवळजवळ बदलतच नाही. पातळी सावरली जाते आणि साइन वेव्ह, म्हणजे ती गुळगुळीत लाट, स्वच्छ राहते. इतकी सुंदर युक्ती क्वचितच सापडते. तिथे डायोड लावले असते तर लाटेचे माथे चेपले गेले असते. गिटारच्या ओव्हरड्राइव्ह पेडलमध्ये पुढे हेच मुद्दाम केलं गेलं.

लॉगरिदमचाही असाच उपयोग आहे. आपल्या तुर्भ्याला (ट्रॉम्बे) ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ऑगस्ट १९५६ मध्ये सुरू झाली. अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा ओघ लाखो पटींनी वाढतो. तो एकाच काट्यावर वाचायला लॉगरिदमिक अ‍ॅम्प्लिफायरच लागतो.

मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या लॅमिंग्टन रोडवर ७४१ हा अ‍ॅम्प्लिफायर आयसी आणि बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर सहज मिळतात. फीडबॅकच्या रेझिस्टरऐवजी ट्रान्झिस्टर लावा: कलेक्टर इनव्हर्टिंग इनपुटला, बेस ग्राउंडला, एमिटर आउटपुटला. इनपुट दहापट केलं तरी आउटपुट साधारण ६० मिलिव्होल्टच सरकतं. मग ट्रान्झिस्टरला बोट लावा. नुसत्या उबेने मीटर हलतो, आणि म्हणूनच तयार लॉग आयसीत जोडीला दुसरा जुळा ट्रान्झिस्टर बसवलेला असतो.