सरकारी कंत्राटे आणि नात्यागोत्याचे हितसंबंध : गोव्यातील नियमांची पार्श्वभूमी

सरकारी नोकराने ज्या कामाचा निर्णय करायचा, त्याच कामात त्याचा पैसा किंवा त्याचा माणूस गुंतलेला असू नये, ही अपेक्षा भारतीय कायद्यात बरीच जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर कंपनीच्या पदाचा उपयोग खासगी व्यापारासाठी करू लागल्यावर १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने गव्हर्नर जनरल, त्याच्या मंडळाचे सदस्य आणि न्यायाधीश यांना व्यापाराची मनाई केली. पुढे १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम १६८ ने व्यापारास बंदी असलेल्या लोकसेवकाचा व्यापार हा गुन्हा ठरवला, तर कलम १६९ ने मनाई असलेल्या मालमत्तेवर स्वतःच्या अथवा दुसऱ्याच्या नावाने बोली लावणे शिक्षापात्र केले. ही दोन्ही कलमे आज भारतीय न्याय संहितेत २०२ आणि २०३ या क्रमांकांनी जवळपास तशीच आहेत. मात्र त्यांचा रोख लोकसेवकाने स्वतः केलेल्या धंद्यावर आणि बोलीवर आहे. मेव्हण्याच्या नावे रीतसर चालणारी कंत्राटदारी, जिच्यात त्या लोकसेवकाचा वाटा सिद्ध करता येत नाही, ती या कलमांच्या पकडीत सहसा येत नाही.

गोव्यात हा कायदा १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतर आला. तोवर येथे १८८६ ची पोर्तुगीज दंड संहिता होती. १९६२ च्या विनियमाने भारतीय कायदे गोव्याला लागू होऊ लागले आणि योगायोग असा की त्याच वर्षी केंद्राने भ्रष्टाचार निर्मूलनासाठी संथानम समिती नेमली. तिच्या शिफारशींतून १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग उभा राहिला आणि त्याच वर्षी केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियमही आले. गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांना आजही हेच नियम लागू आहेत.

कंत्राटाच्या दृष्टीने या नियमांतला चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. कर्मचाऱ्याच्या कुटुंबातील कोणी एखाद्या कंपनीत नोकरीला असेल, किंवा त्याचा स्वतःचा वा कुटुंबीयांचा एखाद्या कंत्राटात अन्य प्रकारे हितसंबंध असेल, तर त्याने ते प्रकरण न हाताळता वरिष्ठांकडे सोपवावे, असे हा नियम सांगतो. पंधराव्या नियमानुसार कुटुंबातील कोणी व्यापारधंदा करीत असल्यास ते सरकारला कळवावे लागते. खरी मेख ‘कुटुंब’ या शब्दाच्या व्याख्येत आहे. पती किंवा पत्नी आणि पूर्णपणे अवलंबून असलेली मुले व नातेवाईक एवढेच तिच्यात बसतात. स्वतः कमावणारा भाऊ बसत नाही.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदा अटी मात्र नात्याचे जाळे फार लांबवर पसरवतात. कनिष्ठ अभियंत्यापासून अधीक्षक अभियंत्यापर्यंतचा अधिकारी अथवा विभागीय लेखापाल ज्या कंत्राटदाराचा जवळचा नातेवाईक आहे, त्याला तो अधिकारी नेमलेला असलेल्या मंडळात (खात्याच्या प्रादेशिक शाखेत) निविदा भरता येत नाही. आणि जवळच्या नातेवाइकांत आजी-आजोबा, नातवंडे, काका, मावश्या, चुलत-मावस भावंडे आणि सासरची तशीच नाती धरली आहेत. गावच्या व्हाळाकाठी (ओढ्याकाठी) संरक्षक भिंत बांधायची आहे, असे समजा. मोजमाप पुस्तिकेत तिची लांबी, रुंदी आणि उंची नोंदवणारा कनिष्ठ अभियंता आणि कंत्राटदार हे चुलत भाऊ असतील, तर निविदेची अट मोडते. वर्तणूक नियमातील कुटुंबाची अट मोडत नाही. शिवाय निविदेची अट कंत्राटदारावर आहे आणि नात्याचा खुलासाही त्यानेच करायचा आहे. २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या राज्यात अभियंता आणि कंत्राटदार एकाच वाड्यावरचे (वस्तीतले) निघणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे, त्यामुळे हा फरक येथे कागदापुरता राहत नाही.

पती-पत्नीच्या बाबतीत तर गोव्याची स्थिती उर्वरित भारताहून निराळी आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या पद्धतीत, विवाहापूर्वी वेगळा करार नोंदवला नसेल, तर दाम्पत्याची मालमत्ता सामाईक असते. २०१२ च्या वारसाहक्क कायद्यानेही ही पद्धत कायम ठेवली. १९६१ च्या आयकर कायद्यात १९९४ मध्ये घातलेले कलम ५अ याच पायावर बेतले गेले. या पद्धतीखालील दाम्पत्याचे पगाराखेरीजचे उत्पन्न दोघांत समसमान विभागले जाते. म्हणजे पत्नीच्या नावाने चालणाऱ्या कंत्राटी व्यवसायाचा निम्मा नफा सरकारी नोकर असलेल्या पतीच्या विवरणपत्रात त्याचे स्वतःचे उत्पन्न म्हणून दाखवावा लागतो. ‘धंदा बायकोचा आहे, माझा संबंध नाही’ हा इतरत्र निदान वादासाठी तरी मांडता येणारा बचाव येथे आयकराच्या कागदावरच लटका पडतो.

अलीकडच्या काळात नियम वाढले, पण सगळे एका दिशेने गेले नाहीत. सार्वजनिक खरेदी विधेयक २०१२ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि लोकसभेच्या विसर्जनाबरोबर व्यपगत झाले. नोव्हेंबर २०१४ च्या दुरुस्तीने वर्तणूक नियमांत कर्तव्याशी संबंधित खासगी हितसंबंध जाहीर करण्याचे बंधन आले, त्यामुळे कमावत्या भावाची पळवाट काहीशी अरुंद झाली. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम १७५ ने खरेदी करणारा अधिकारी आणि बोलीदार या दोघांनाही हितसंबंधांच्या प्रकटीकरणाच्या कक्षेत आणले. लगेच पुढच्या वर्षी मात्र भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ मधील कलम १३(१)(ड) वगळण्यात आले. सार्वजनिक हित नसताना कोणालाही आर्थिक लाभ मिळवून देणे हा त्या कलमाच्या एका भागानुसार स्वतंत्र गुन्हा होता आणि त्यात लाच घेतल्याचे सिद्ध करावे लागत नसे. प्रामाणिक अधिकारी निर्णय घेण्यास कचरतात, असे कारण त्यासाठी दिले गेले आणि त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. पण पैसे न घेता, केवळ नात्याखातर दिलेल्या कामाबद्दल अधिकाऱ्याला जाब विचारायचा झाल्यास त्यानंतर मुख्यतः शिस्तभंगाची कारवाई उरली. ती करण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याच्या खात्याच्याच वरिष्ठांकडे असतो.