वाघ स्टुलावर का चढायचा?

सर्कशीतला वाघ हुकूम ऐकून स्टुलावर चढतो, असं बघणाऱ्याला वाटायचं. वाघ खरं तर अंतर मोजत असायचा. माणूस ठरावीक अंतराच्या आत आला की रानटी जनावर मागे सरतं. सरायला जागा उरली नाही आणि माणूस तरी पुढेच येत राहिला, तर तेच जनावर उलटून अंगावर येतं. शिकवणारा या दोन रेषांच्या मधे उभा राहायचा. वाघ चालून येईल त्या वाटेत स्टूल ठेवलेलं. त्याचे पाय स्टुलावर पडले, की माणूस लगेच एक पाऊल मागे. दडपण सुटलं, वाघ तिथेच थांबला. हे पुन्हा पुन्हा, महिनोन्महिने. पुढे चाबकाचं टोक हललं तरी पुरायचं. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हैनी हेडिगर यांनी विसाव्या शतकात या अंतरांचं शास्त्र मांडलं. तंबूतल्या लोकांना ते आधीपासून हातापायांनी ठाऊक होतं.

पण सुरुवात अशी नव्हती. फिलिप अ‍ॅस्टली यांनी १७६८ मध्ये लंडनला सुरू केलेले खेळ घोड्यांचे होते. वाघ-सिंह आले ते नंतर, फिरत्या प्राणिसंग्रहांबरोबर, आणि खेळ व्हायचा गाडीवरच्या पिंजऱ्यातच. एवढ्याशा जागेत अंतर कुठून आणायचं? माणूस आत शिरायचा, चाबूक फडकवायचा, पिस्तुलाचे बार काढायचा. जनावरं जीव मुठीत धरून सैरावैरा पळायची, आणि ती भीती लोकांना हिंस्रपणा वाटायची. (मराठीत आपण या माणसाला रिंगमास्टर म्हणतो. मूळ सर्कशीत रिंगमास्टर खेळ पुकारायचा. पिंजऱ्यात जाणारा वेगळा.)

त्या काळचं मोठं नाव अमेरिकेचा आयझॅक व्हॅन अ‍ॅम्बर्ग. रोमन योद्ध्याचा वेश करून तो सिंहाच्या जबड्यात डोकं घालायचा. त्याच्या नजरेत जादू आहे म्हणायचे. प्रत्यक्षात त्याच्या हाती लोखंडी पहार असल्याचं बोललं जाई. १८३९ च्या जानेवारीत व्हिक्टोरिया राणीने लंडनमध्ये त्याचे खेळ पुन्हा पुन्हा पाहिले. एकदा तर खेळानंतर जनावरांना खाऊ घालताना पाहायला ती थांबली. त्यासाठी त्यांना मुद्दाम दीड दिवस उपाशी ठेवलं होतं.

इंग्लंडमध्ये तरुण मुलींना ‘सिंहांची राणी’ म्हणून पिंजऱ्यात पाठवायची टूम निघाली. १८५० मध्ये चॅटम इथे एलन ब्राइट ही सतरा वर्षांची मुलगी वाघाच्या हल्ल्यात मेली. तिने त्याला छडीने डिवचलं होतं. त्यानंतर ती टूम ओसरली.

वळण आणलं हँबर्गच्या कार्ल हागेनबेक यांनी. हा माणूस काही संत नव्हता. जगभरातून रानटी जनावरं पकडून आणून विकण्याचा त्यांचा धंदा. पण मार खाल्लेलं जनावर भरवशाचं नसतं आणि मेलं तर नुकसान आपलंच, हा हिशोब त्यांना पक्का कळला होता. त्यांनी मांसाच्या तुकड्याचं आमिष वापरलं, आणि आधी स्वभाव पारखला: २१ सिंहांतून कामाचे निघाले ४. गाडीच्या पिंजऱ्याऐवजी मोठा गोल पिंजराही त्यांच्या खेळांमुळे रुळला. जनावराला मागे सरायला जागा मिळाली, म्हणूनच स्टुलाची युक्ती शक्य झाली.

म्हणून चाबूक गेला, असं मात्र नाही. अमेरिकेत क्लाइड बिटी खुर्ची आणि पिस्तूल घेऊन सिंह-वाघांच्या घोळक्यात उभा राहायचा, कारण तिकडे गुरगुराटच विकला जायचा. उलट फ्रान्सचे अल्फ्रेड कोर्ट शांतपणे काम करत. पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे १९४० मध्ये अमेरिकेत गेले ते त्यांच्याच चमूबरोबर. हत्तींच्या वाट्याला अंकुश, साखळ्या आणि दोर आले ते कायमचेच. तिथे अंतराचा खेळ चालत नाही.

तालमीच्या खोलीत काय चालतं, हा प्रश्न १९२१ साली ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे आला. त्यातून १९२५ चा कायदा झाला: शिकवणाऱ्यांनी नोंदणी करायची, आणि पोलिसांना तालमीच्या जागेची तपासणी करता येईल. फक्त खेळ चालू असताना त्यांना रंगमंचावर किंवा त्याच्या मागे जायला मनाई होती.