हा खर्च वहीत कुठे लिहिणार?

१५ जानेवारी २०२६ ला ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांचं मतदान झालं. ठाण्यात त्याआधीची निवडणूक २०१७ ची, नवी मुंबईत तर २०१५ ची. मधे काही वर्षं प्रशासकांचा कारभार. राज्य निवडणूक आयोगाने उमेदवारासाठी खर्चमर्यादा ठरवली होती: ठाण्यात १३ लाख, नवी मुंबईत ११ लाख.

निवडणुकीच्या तोंडावर आमच्या सोसायटीत एका इच्छुकाचा निरोप आला होता की गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून देतो. दर पावसाळ्यात वरच्या मजल्यावर बादल्या ठेवणाऱ्यांना हायसं वाटलं. तेवढ्यात बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकूंनी विचारलं, "हा खर्च ते आपल्या वहीत कुठे लिहिणार?" बैठक गप्प झाली.

त्यांच्या प्रश्नाची मुळं जुनी आहेत. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने उमेदवाराला हिशेब ठेवणं बंधनकारक केलं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेची मर्यादा बहुतेक राज्यांत २५ हजार होती. आज महाराष्ट्रात ती ९५ लाख आहे, विधानसभेसाठी ४० लाख. पण आकडा वाढला ही खरी गोष्ट नव्हेच. महागाई वाढली, मतदार वाढले, आकडाही वाढणारच.

खरी गोष्ट १९७४ ची. दिल्लीतल्या एका लोकसभा निवडणुकीच्या वादात, कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबरात निकाल दिला: उमेदवाराला ठाऊक असताना पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्च त्याच्याच खात्यात धरायचा. चावलांची निवड रद्द झाली. महिना उलटायच्या आत सरकारने अध्यादेश काढला आणि पक्षाने किंवा मित्रमंडळींनी केलेला खर्च मोजणीतून वगळला. मर्यादा कागदावर राहिली आणि तिच्या शेजारीच एक दार सताड उघडलं गेलं. माझ्या मते आपल्या निवडणुकांचं इतकं नुकसान दुसऱ्या कुठल्या दुरुस्तीने क्वचितच केलं असेल.

ते दार अर्धवट लोटायला २००३ उजाडलं. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ती सवलत गेली, स्टार प्रचारकांच्या प्रवासाची मात्र राहिली. पक्षाने स्वतःसाठी किती खर्च करावा याला आजही मर्यादा नाही.

मधल्या काळात, नव्वदच्या दशकात, मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी हिशेब गांभीर्याने मागायला सुरुवात केली. २००२-०३ च्या न्यायालयीन निकालांमुळे उमेदवारांची मालमत्ता आणि गुन्हे शपथपत्रात आले. आता स्वतंत्र बँक खातं लागतं, चहा-वडापावपासून खुर्च्या-मांडवापर्यंत प्रत्येकाचा दर आधीच ठरलेला असतो, आणि निरीक्षकांची माणसं सभेत बसून समांतर नोंद ठेवतात. तरी आचारसंहिता लागायच्या आधी झालेली अष्टविनायकाची सहल किंवा हळदीकुंकवाला दिलेलं भांडं त्या वहीत शोधून सापडत नाही. हा पैसा पुढे पाच वर्षं प्रभागातूनच वसूल होतो. रस्त्याचं डांबर पहिल्या पावसात वाहून जातं तेव्हा त्याची किंमत आपणच मोजत असतो.

ठाण्याने सचोटी पाहिलेलीच नाही असं नाही. इथले खासदार रामभाऊ म्हाळगी दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल मतदारांपुढे ठेवत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आयुक्त टी. चंद्रशेखर यांनी रस्ता रुंदीकरणासाठी बांधकामं हटवली, तेव्हा दुकानं गेलेली माणसं चिडली होती. ज्येष्ठ ठाणेकर मात्र आजही त्यांचं नाव आदराने घेतात.

आमच्या सोसायटीने शेवटी घरटी वर्गणी काढली. दोन घरांनी कुरकुर केली, पण गच्चीचं काम झालं. मतदानाआधी काकूंनी प्रभागातल्या उमेदवारांची शपथपत्रं काढून जिन्याच्या फलकावर लावली, आधी निवडून आलेल्यांची मालमत्ता पेन्सिलीने अधोरेखित करून.

लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारांना निकालानंतर ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशेब द्यावा लागतो. ठाण्यात त्यासाठी कोर्टनाक्यावरचं जिल्हाधिकारी कार्यालय गाठायचं. तो हिशेब कोणालाही पाहता येतो. १९६१ च्या निवडणूक नियमांत त्यासाठी शुल्क लिहिलंय: १ रुपया.